‘कॉन्ट्रा फोर्स’ : नावाचे वचन आणि खेळाचा वेग

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, द्विमितीय नेमबाजी खेळ, अपेक्षाभंग, औचित्य, समीक्षेचे निकष.

प्रस्तावना :

नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांची दखल मराठी समीक्षेने घेतली. व्हिडिओ गेम हा प्रकार मात्र बहुतांशी ‘मुलांचा नाद’ म्हणूनच दुर्लक्षित राहिला. वास्तविक १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांबरोबरच लहान गावांतही घरच्या टीव्हीला जोडायचे गेमचे यंत्र पोहोचले होते. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राची ती स्वस्त नक्कल असे. पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असा मजकूर छापलेला असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा यादीत येत. कॅसेट चालली नाही तर ती काढून तिच्यावर फुंकर मारणे हा त्या पिढीचा सामायिक अनुभव आहे. आज महाविद्यालयांत शिकविणाऱ्या अनेक तरुण प्राध्यापकांची कथनाशी पहिली ओळख पुस्तकाइतकीच या पडद्यावर झाली. त्यामुळे या प्रकारातील यशापयशाची चिकित्सा आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात कोनामी या जपानी कंपनीच्या ‘कॉन्ट्रा फोर्स’ (१९९२) या द्विमितीय नेमबाजी खेळाचा विचार केला आहे. या खेळाने केलेली निराशा केवळ अपेक्षेतून निर्माण झालेली आहे की ती कलाकृतीच्या अंगभूत दोषातून आलेली आहे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न होय.

पूर्वपरंपरा :

‘कॉन्ट्रा’ हा खेळ १९८७ मध्ये नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर आणि १९८८ मध्ये घरगुती यंत्रावर आला. बिल आणि लान्स हे दोन सैनिक परग्रहावरील शत्रूंशी लढतात, एवढेच त्याचे कथानक. परंतु त्याची रचना अत्यंत बांधीव आहे. उडी, गोळी आणि मरण या तीन क्रियांमध्ये क्षणाचेही अंतर पडत नाही. उडत येणारे शस्त्र पाडून उचलले की ते तत्काळ हाती येते. एक गोळी लागली की ‘लाइफ’ही जाते आणि शस्त्रही. दोघांनी मिळून खेळताना त्याची शिस्त अधिक स्पष्ट होते. धबधब्याच्या टप्प्यात खेळाडू वर चढतात तसा पडदाही वर सरकतो. एकजण घाईने पुढे गेला तर मागे राहिलेला सोबती पडद्याच्या खालच्या कडेला सापडून मरतो. सहस्रकुंडाचा प्रपात जवळ असलेल्या इस्लापूर परिसरातील वाचकाला हे दृश्य परके वाटू नये. सहकार्याचे मूल्य येथे उपदेशाने नव्हे, तर रचनेतूनच शिकविले जाते.

‘कॉन्ट्रा फोर्स’चे स्वरूप :

या पार्श्वभूमीवर ‘कॉन्ट्रा फोर्स’ पाहिला असता प्रथम जाणवतो तो विषयबदल. परग्रहवासी नाहीत, शहरातील दहशतवादी टोळी आहे. नायक दोन नसून बर्न्स, आयर्न, स्मिथ आणि बीन्स असे चार आहेत. प्रत्येकाची शस्त्रे वेगळी असून खेळ थांबवून नायक बदलता येतो, तसेच दुसऱ्या साथीदाराला थोड्या वेळासाठी मदतीला बोलाविता येते. उचललेल्या वस्तूंमुळे शस्त्रांच्या पट्टीवरील खूण पुढे सरकते आणि इच्छित शस्त्र खेळाडूने स्वतः निवडावयाचे असते. काही टप्पे बाजूने, तर काही वरून पाहिल्याप्रमाणे दाखविले आहेत.

या बदलांचा उलगडा खेळाच्या निर्मितीकथेत होतो. हा खेळ मुळात ‘आर्क हाउंड’ या स्वतंत्र नावाने जपानी बाजारासाठी योजलेला होता. तो तेथे प्रसिद्ध झालाच नाही. अमेरिकेत मात्र त्याला ‘कॉन्ट्रा’चे नाव देण्यात आले. म्हणजे ‘९९९९ इन १’च्या कॅसेटने जे उघडउघड केले, तेच येथे अधिकृतपणे घडले. नावाने एक वचन दिले आणि खेळ दुसराच निघाला.

दोषमीमांसा :

येथे समीक्षकाने सावध राहणे गरजेचे आहे. परग्रहवासी नाहीत म्हणून खेळ वाईट, असे म्हणणे म्हणजे कादंबरीला ती महाकाव्य नाही म्हणून दोष देण्यासारखे आहे. नावाचा दोष विक्रेत्याचा आहे, रचनेचा नव्हे. चार नायकांची योजना आणि साथीदाराला बोलाविण्याची सोय या कल्पना त्या काळाच्या मानाने विचारपूर्ण आहेत.

खरा दोष वेगाचा आहे. या यंत्राच्या अमेरिकी आवृत्तीत पडद्यावरील चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने उमटते. तेवढ्या अल्पावधीत सर्व पात्रांच्या हालचालींचे गणित पूर्ण झाले नाही, तर खेळ पुढच्या चित्रापर्यंत थांबतो आणि सारी गती जवळजवळ निम्म्यावर येते. ‘कॉन्ट्रा फोर्स’मध्ये पडद्यावर मोजके शत्रू असतानाही असे वारंवार घडते. यंत्राची मर्यादा हे समर्थन येथे पुरेसे नाही. कारण त्याच यंत्रावर त्याच कंपनीने चार वर्षांपूर्वी वेगवान ‘कॉन्ट्रा’ सादर केला होता.

अकराव्या शतकातील काश्मिरी मीमांसक क्षेमेंद्र याने औचित्याला काव्याचे जीवित मानले. नेमबाजी खेळात गती हेच औचित्य होय. गोळी सुटण्याच्या क्षणीच काळ मंदावला की भय आणि उत्साह दोन्ही ओसरतात. विशेष म्हणजे हा दोष खेळातील गुणांनाही मारक ठरतो. साथीदाराला बोलाविले की पडद्यावरील गर्दी वाढते आणि मंदपणा वाढण्यास वाव मिळतो. खेळातील सर्वांत नवी कल्पना वापरण्याची किंमतच अशा रीतीने खेळाडूला मोजावी लागते.

निष्कर्ष :

१) अपेक्षाभंग आणि कलादोष या दोन भिन्न बाबी आहेत. ‘कॉन्ट्रा फोर्स’चे नाव बदलून ‘आर्क हाउंड’ केले तर पहिली निराशा नाहीशी होते. दुसरी तशीच राहते.

२) नवी कल्पना आणि ती पेलण्याचे सामर्थ्य यांचा मेळ न बसल्यास कल्पनाच कृतीवर ओझे होते. हे तत्त्व नाटकास आणि कादंबरीसही तितकेच लागू आहे.

३) व्हिडिओ गेमची समीक्षा केवळ कथानकावरून किंवा चित्रावरून होऊ शकत नाही, हाताची क्रिया आणि पडद्यावरील प्रतिसाद यांमधील काळ हाच तिचा प्राथमिक निकष मानावा लागेल.

फसलेल्या खेळाची चिकित्सा करताना ज्या निकषांची जाणीव होते, ती यशस्वी खेळाच्या आनंदात सहसा होत नाही. विद्यार्थी ज्या माध्यमात रमतात त्या माध्यमाला ‘नाद’ म्हणून बाजूस सारण्याऐवजी, त्यातील चांगले कोणते आणि फसवे कोणते हे ओळखण्याची दृष्टी त्यांना देणे, हे अध्यापनाचेच एक अंग आहे.