‘गावगाडा’ आणि अक्काची सही

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घर झाडताना माळ्यावरच्या ट्रंकेतून एखादे जुने पुस्तक निघते आणि मग झाडझूड तशीच राहते, हा अनुभव पुष्कळांचा असेल. आमच्या औंढ्याच्या घरात यंदा त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ निघाला. (हे आत्रे म्हणजे आचार्य अत्रे नव्हेत, हे महसूल खात्यातले अधिकारी.) वडिलांची प्रत, कडा वाळवीने खाल्लेल्या, समासात शिसपेन्सिलीच्या खुणा. कॉलेजात असताना मी हे पुस्तक भारावून वाचले होते. या खेपेला वाचताना मान डोलावीत होतो, मधूनच अस्वस्थही होत होतो. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

‘गावगाडा’ 1915 साली निघाला. लेखकाने नगर जिल्ह्याकडची खेडी सरकारी कामानिमित्त पायाखाली घातलेली. पण त्याने अहवाल लिहिला नाही. गावाचा जमाखर्चच मांडला. पाटील-कुलकर्ण्याचे वतन, सुताराचे-लोहाराचे-चांभाराचे-महाराचे बलुते, खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्याभोवती जमणारे हात, हे सारे त्याने असे तपशिलाने टिपले आहे की, गावात जन्मलेल्यालाही आपला गाव नव्याने दिसावा. भाषा तर खास मऱ्हाटमोळी. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाची लेखणी इतकी ओलसर राहावी, याचे आजही नवल वाटते.

त्या काळी आमचे औंढे इंग्रजी अमलात नव्हते, निजामाच्या मुलखात होते. आमच्याकडे तलाठी नव्हता, पटवारी होता. कागद उर्दूत, साल फसली. 1948 साली तो अंमल गेला, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. 1999 पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यातले, त्यानंतर हिंगोलीचे. इतके बदल झाले तरी आत्र्यांचा गाव मला ओळखीचाच वाटला. ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्ती, हे दोन शब्द आमच्याही म्हाताऱ्यांच्या तोंडी होते. आत्र्यांनी दाखवलेली मुख्य गोष्ट अशी की, गावात मालमत्ता म्हणजे नुसती मालकी नव्हे. रान एकाचे असले, तरी त्यातल्या पिकावर दहा जणांचा हक्क असे, आणि तो हक्क वंशपरंपरेने चाले. हे मर्म इतक्या स्वच्छपणे मराठीत त्यापूर्वी कोणी उलगडून दाखविले असेल, असे मला वाटत नाही.

परंतु हिशेब मांडणाऱ्याची नजर हीच या पुस्तकाची मर्यादाही आहे. जो गावाबाहेरून येतो, त्याच्याविषयी आत्र्यांना कमालीचा वीट. वासुदेव, बहुरूपी, नंदीबैलवाले, गोसावी, भटके तांडे, या सर्व फिरस्त्यांना ते खर्चाच्या बाजूला टाकतात. कुणब्याच्या राशीवर पडणारी ही टोळधाड, असा एकूण सूर. त्यात तथ्य नाही असे नाही. कुणब्याची कणव हाच या ग्रंथाचा प्राण आहे. पण याच लेखकाने त्याआधी गुन्हेगार जातींवर पुस्तक लिहिले होते, हे विसरून चालत नाही. 1871 च्या ज्या कायद्याने माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरविली आणि जो 1952 साली उठला, त्या कायद्याच्या डोळ्यांनी ते वाटसरूकडे पाहतात.

औंढ्यात बसून हे पटणे कठीण. आमचा गावच मुळी वाटसरूंनी मोठा केला. नागनाथाचे देऊळ यादवांच्या काळचे. खालची भिंत मूर्तींनी गजबजलेली, वरचा भाग नंतरच्या काळातला साधा. गाभारा जमिनीखाली, अंग चोरून उतरावे लागते. नामदेवाला विसोबा खेचर भेटला तो इथेच, आणि त्याच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले तेही इथेच, अशी आमची परंपरा सांगते. तो नामदेव पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेला. त्याची 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. आता हा फिरस्ता कोणत्या रकान्यात मांडावा? लमाणांच्या तांड्यांनी बैलांवर लादून आणलेले मीठ कोणत्या रकान्यात? त्याने गावाचे किती धान्य खाल्ले हे आत्रे सांगतील. त्याने गावाला काय दिले, याला त्यांच्या वहीत पान नाही.

बलुत्याचेही तसेच. आत्र्यांनी बलुते पाहिले ते देणाऱ्याच्या ओट्यावरून. त्याच नगर जिल्ह्यातल्या दया पवारांनी 1978 साली ‘बलुतं’ लिहून ते घेणाऱ्याच्या बाजूने दाखविले. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचल्याखेरीज गाव पुरता कळत नाही, असे माझे मत आहे.

तरीही माझी खरी अस्वस्थता याहून घरगुती आहे. ‘गावगाड्या’त राबणारी बाई आहे, दळणारी आहे, सणावाराला नटणारी आहे, पण मालक म्हणून लेक कोठे उभी राहत नाही. आत्र्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हाचा कायदाच तिला उभी करीत नव्हता. बापाच्या वाट्यात लेकीचा हिस्सा आला तो 1956 च्या कायद्याने. दोष माझा आहे, कारण मी 1956 च्या पुष्कळ नंतरचा.

वडील वारले 1996 साली. वारस म्हणून सातबाऱ्यावर माझ्याबरोबर अक्काचेही नाव लागले. भाऊबीजेला ती आली होती; ओवाळणी झाली आणि दुसऱ्या दिवशी मी तिला हक्कसोडपत्रावर सही करायला हिंगोलीला नेले. एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. दस्त लिहिणाऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारले, “राहणार कुठल्या?” अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, “कोणतं गाव सांगू रे बापू?” मी तिच्या सासरचे नाव सांगितले. तिने सही केली. परतीच्या तिकिटाचे पैसे तिनेच दिले.

आज वाटते, त्या प्रश्नात ‘गावगाड्या’वरची सगळी टीका आली. आमच्या गावात खरा फिरस्ता कोण? नंदीबैलवाला वर्षातून एकदा येतो. लेक जन्मभर वाटेवर. माहेरी ती पाहुणी, सासरी ती परक्याची. पुरुषाकडे जमीन राहते आणि बाईकडे प्रवास.

हे सृष्टीच्या नेमानेच असे असते, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. तसे नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीमुळे सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरचे आचे हे नाव आपल्या कानावर आले. तेथील खेड्यांवर जेम्स सीगल या अमेरिकन अभ्यासकाने 1969 साली पुस्तक लिहिले आहे. त्या खेड्यांत आईबाप घर देतात ते लेकीला. लग्नानंतर जावई तिच्या घरी येतो, आणि कमाईसाठी दूरदूर भटकतो तोही पुरुषच. मिरीच्या बागा, व्यापार, परमुलूख. बायकोसाठी तिकडच्या भाषेतला शब्दच ‘घराची मालकीण’ अशा अर्थाचा आहे. तेथे सारे गोड आहे असे मुळीच नाही. बायकोच्या घरात नवरा पाहुण्यासारखा अवघडून वागतो, असेही तो लेखक सांगतो. म्हणजे अवघडणे कोणाच्या तरी वाट्याला येतेच. पण ते बाईच्याच वाट्याला यावे, असा काही ईश्वरी दंडक नाही.

आणि गंमत पाहा, आपल्या भाषेतही ‘घरधनीण’ हा शब्द आहे. आपण तो उदारपणे वापरतो, आणि कागद करताना विसरतो.

मग ‘गावगाडा’ वाचूच नये काय? उलट, प्रत्येक घरात तो असावा. कोणाचा किती वाटा, हा प्रश्न इतक्या नेटाने विचारायला आत्र्यांनीच आपल्याला शिकविले. त्यांनी जेथे विचारला नाही, तेथे आपण विचारावा, हीच त्यांच्या ग्रंथाची खरी समीक्षा. महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली कायदा आणखी पुढे गेला. गावची रीत अजून एसटीतच बसली आहे.

यंदा मी अक्काला फोन केला. रानातला तिचा वाटा बक्षीसपत्राने तिच्या नावे करावा म्हणतो, असे सांगितले. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “पोरं काय म्हणतील तुझी?” मी म्हटले, त्यांच्याशी बोललो आहे. हे पुरते खरे नव्हते. धाकट्याशी अजून बोलायचे आहे. भाऊबीजेला ती येईल. त्याआधी मला घरात बोलले पाहिजे.