सर्व्हरवर नोंद झाली, पण शिकणं झालं का? : 'रिव्हर सिटी'वरचा एक शोधनिबंध वाचताना

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य अगदी ठामपणे लिहिलं होतं: 'आभासी जगात शिकताना आत्मविश्वास कमी असलेले विद्यार्थी मागे राहत नाहीत.' पुढे संदर्भ दिला होता, केटेलहट, २००७. मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "हे त्यांनी दाखवलंय, की तुला हवंय?"

घरी येऊन निबंध पुन्हा वाचायला घेतला. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच वाचला. आधी फक्त सारांश वाचला होता, आणि त्यातलंही शेवटचं वाक्यच लक्षात ठेवलं होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे केलं असेल, म्हणून आज हाच निबंध घेऊन बसू.

आधी ते जग समजून घेऊ. 'रिव्हर सिटी' हे हार्वर्ड विद्यापीठात तयार झालेलं, अनेकांनी एकाच वेळी वावरायचं आभासी शहर. काळ एकोणिसाव्या शतकाचा. शहरात माणसं आजारी पडताहेत. काही आजार पाण्यातून येतात, काही हवेतून, काही कीटकांमुळे, आणि सगळे एकमेकांत मिसळलेले. शाळेतली मुलं आपापला अवतार घेऊन, छोट्या गटांत, या शहरात फिरतात. रहिवाशांना प्रश्न विचारायचे, हॉस्पिटलच्या नोंदी पाहायच्या, पाण्याचे नमुने तपासायचे, त्यावरून परिकल्पना मांडायची, प्रयोग करायचा आणि शेवटी शहराच्या महापौरांना पत्र लिहून निष्कर्ष कळवायचा. कल्पना सुंदरच आहे. विज्ञान पाठ करण्यापेक्षा करून बघणं.

डायन केटेलहट यांनी सातवीच्या १०० विद्यार्थ्यांचा या शहरातला वावर अभ्यासला. प्रश्न असा होता: 'मला विज्ञान जमेल' हा विश्वास, म्हणजे सेल्फ-एफिकसी, ज्यांच्यात कमी आहे ते माहिती गोळा करतानाही मागे पडतात का? मुलांनी केलेली प्रत्येक कृती सर्व्हरवर नोंदली जात होती. अशा तीन टप्प्यांतल्या नोंदी घेऊन त्यांनी इंडिव्हिज्युअल ग्रोथ मॉडेलिंग केलं. सुरुवातीला जास्त विश्वास असलेल्या मुलांनी जास्त माहिती गोळा केली. शेवटी मात्र सुरुवातीचा विश्वास आणि माहिती गोळा करणं यांचा सहसंबंध उरला नाही.

हे वाचून मी हुरळून का गेले ते सांगते. बारावीच्या प्रॅक्टिकलला आमच्या बॅचमध्ये उपकरणाला हात लावणाऱ्या मुली ठरलेल्या होत्या. मी रीडिंग लिहून घेणारी. चुकलं तर सगळ्यांसमोर चुकेल, ही भीती. म्हणून मला हवंच होतं की कुठेतरी अशी प्रयोगशाळा असावी जिथे मागे उभी राहणारी मुलगी तिसऱ्या भेटीपर्यंत पुढे येते. मॅडमनी नेमकं तेच पकडलं.

आता निबंधाकडे परत येऊ. त्याची ताकद आधी सांगायला हवी. मुलांना 'तुम्ही किती माहिती गोळा केलीत?' असं प्रश्नावलीत विचारलं असतं तर त्यांनी आपल्याला बरं दिसेल ते उत्तर दिलं असतं. इथे प्रत्यक्ष वागणं मोजलंय, आणि एकदाच नाही तर काळाच्या ओघात मोजलंय. शिवाय शीर्षकातच हा अभ्यास एक्स्प्लोरेटरी आहे असं म्हटलंय, म्हणजे चाचपणी. आणि निष्कर्षात, असं व्यासपीठ बदलाला चालना देऊ 'शकेल', अशी सावध भाषा आहे. ते 'शकेल' मी गाळलं, त्यांनी नाही.

पण त्या सावध वाक्यापर्यंत पोचायलाही आकडे पुरतात का? माझ्या मते नाही. चार ठिकाणी पाय अडतो.

पहिलं, 'सहसंबंध उरला नाही' म्हणजे 'अंतर मिटलं' असं नव्हे. सुरुवातीला एकदा मोजलेली गोष्ट पुढच्या वागण्याशी दिवसेंदिवस कमी जुळत जाणं हे स्वाभाविक आहे, जग आभासी असो वा नसो. शिवाय शहर मर्यादित आहे. पहिल्याच भेटीत ज्याने भराभर सगळं पाहिलं, त्याला पुढे पाहायला कमीच उरणार. मागचे पुढे आले, की पुढचे थांबले?

दुसरं, विश्लेषणात धरलेला विश्वास हा आत शिरतानाचा आहे. मग 'विश्वासात बदल' हा निष्कर्ष वागण्यावरून काढलेला अंदाज ठरतो. वागणं बदललं याचा अर्थ विश्वास वाढला असाच होतो का? आजूबाजूचे सगळे क्लिक करताहेत म्हणून मीही करते, असंही होऊ शकतं.

तिसरं, अभ्यासातली सगळी मुलं याच जगात होती. तोच अभ्यासक्रम, तेच प्रश्न, तेच महापौरांना पत्र, पण कागदावर आणि वर्गात केलं असतं तर? रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये मांडलेला मुद्दा इथे आठवतो: किराणा घेऊन येणाऱ्या ट्रकमुळे आपलं पोषण होत नाही, तसंच माध्यमामुळे शिकणं घडत नाही. क्लार्क यांचं टोकाचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. बाराव्या वर्षी साथीच्या शहरात हिंडून चौकशी करणं वर्गात शक्य नाही. पण श्रेय ट्रकचं की किराण्याचं, हे तुलनेशिवाय ठरत नाही. तुलना केली की कधी उलटंही निघतं. माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये विद्यापीठातल्या ५२ विद्यार्थ्यांसोबत एकच विज्ञान-सिम्युलेशन साध्या स्क्रीनवर आणि हेडसेटमधून वापरून पाहिलं. हेडसेटमध्ये 'आपण तिथेच आहोत' ही भावना जास्त होती, शिकणं मात्र कमी. ते जग सामायिक नव्हतं, त्यामुळे ते 'रिव्हर सिटी'ला सरळ लागू होत नाही. पण रमणं आणि शिकणं वेगळं, एवढं त्यातून पक्कं कळतं.

चौथा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो सामायिक जगाचा गाभा आहे. मुलं गटात काम करतात, पण मोजणी एकेका मुलाची. एकीने पाण्याचा नमुना घेतला आणि गटाला सांगितलं, की तिघींना माहिती मिळाली. नोंद एकीच्याच नावावर. दुसरी गप्प राहून विचार करत असेल, तिची नोंदच नाही. म्हणजे बारावीत रीडिंग लिहून घेणारी मी, या सर्व्हरवर जवळजवळ अदृश्यच राहिले असते. आणि खरं सांगू? त्या बॅचमध्ये आलेखाचा उतार चुकलाय हे माझ्याच लक्षात आलं होतं.

म्हणून सगळं नोंदलं जातं याचा अर्थ सगळं कळतं असा नाही. नोंद आणि शिकणं यांच्या मधली जागा युक्तिवादाने भरावी लागते: ही कृती शिकण्याचा पुरावा का मानायची? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आभासी प्रयोगशाळांचा उल्लेख आहे. तुमच्यातले काही जण यावर प्रस्ताव लिहिणारच. डेटा मिळण्याआधीच या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा. नंतर लिहिलं की उत्तर डेटाच्या सोयीचं होतं.

याच निबंधातल्या दोन गोष्टी मी पूर्वी वाचल्याच नव्हत्या. विश्वासाचा बदलाच्या वेगावर होणारा परिणाम मुलगे आणि मुली यांच्यात वेगळा होता. आणि मुलं किती वेगवेगळ्या स्रोतांकडे वळली, यावर विश्वासाचा परिणाम दिसला नाही. मला ही दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. कमी विश्वास असलेलं मूल कमी वेळा विचारत असेल, पण कमी ठिकाणी विचारत होतं असं दिसलं नाही. माझ्या ठाम वाक्यात या दोन्हींना जागाच नव्हती.

सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: 'एका आभासी शहरातल्या १०० विद्यार्थ्यांच्या नोंदींत, सुरुवातीचा आत्मविश्वास आणि माहिती गोळा करणं यांचा सहसंबंध शेवटी आढळला नाही, हे अंतर मिटणं होतं का, हे तपासायचं आहे.' वाक्य लांबलंय, जोर गेलाय. मॅडमनी फक्त 'तपासायचं आहे' खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "हा तुझा विषय."