रिचर्ड पार्कर कोण होता?

यान मार्टेल यांची 'लाइफ ऑफ पाय' ही कादंबरी २००१ साली आली, पुढच्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले आणि २०१२ च्या चित्रपटामुळे तो होडीतला वाघ पुस्तके न वाचणाऱ्यांच्याही ओळखीचा झाला. पाँडिचेरीचा मुलगा, बुडालेले जहाज, २२७ दिवसांचे हाल यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला एवढेच विचारायचे आहे, की त्या वाघाचे नाव रिचर्ड पार्कर का?

कादंबरी म्हणते, कारकुनी चूक. शिकाऱ्याचे नाव कागदोपत्री वाघाला चिकटले. पण खरा रिचर्ड पार्कर 'मिन्योनेट' या इंग्रजी नौकेवर होता. वय १७, म्हणजे आमच्या बारावीच्या बाकावरचा पोर. जुलै १८८४ मध्ये नौका अटलांटिकमध्ये बुडाली. छोट्या होडीत चौघे, बरोबर सलगमचे दोन डबे आणि पिण्याच्या पाण्याचा थेंबही नाही. मध्येच एक कासव मिळाले, तेही संपले. पोराने खारे पाणी प्यायले आणि तो आजारी पडला. विसाव्या दिवसाच्या सुमारास कप्तान डडली याने, स्टीफन्सच्या संमतीने, चाकूने त्याचा गळा चिरला. तिसरा सोबती ब्रुक्स याने संमती दिली नाही. खाल्ले मात्र त्यानेही. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. आम्हांला बायकामुले आहेत, पोरगा अनाथ आणि तसाही मरायला टेकलेला, हा डडलीचा हिशेब. चार-पाच दिवसांत एका जर्मन जहाजाने तिघांना वाचवले. किनाऱ्यावर उतरल्यावर डडलीने स्वतःच सारे सांगून टाकले, कारण समुद्रावर असे चालते अशी त्याची समजूत होती. डिसेंबरमध्ये न्यायालयाने दोघांना फाशी फर्मावली. पुढे ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. न्यायमूर्ती कोलरिज यांनी नेमके वर्मावर बोट ठेवले होते: कोणाच्या जिवाचे मोल कमी, हे ठरवणार कोण? सर्वांत अशक्त असलेल्यालाच का निवडले?

योगायोग असा, की एडगर अ‍ॅलन पो याच्या १८३८ च्या कादंबरीतही रिचर्ड पार्कर नावाचा खलाशी मारून खाल्ला जातो. पण तेथे काड्या काढण्याची सूचना त्याचीच असते, आणि काडी त्याच्यावरच येते.

मार्टेल यांनी हे नाव समजून-उमजून घेतले, आणि माझी तक्रार नेमकी येथे आहे. कादंबरीच्या शेवटी पाय दुसरी, प्राण्यांविना हकिगत सांगतो. तरस म्हणजे जहाजावरचा आचारी, ओरँगउटान म्हणजे पायची आई, आणि वाघ म्हणजे पाय स्वतः. आचारी आईला मारतो, पाय आचाऱ्याला मारतो आणि खातो. म्हणजे ज्याचा बळी गेला त्याचे नाव मारणाऱ्याला मिळाले! शिवाय मरणारा असा दुष्ट रंगवला आहे, की वाचकाला पायची बाजू घेताना जड जात नाही. निरपराध, आजारी पोराला मारावे का, हा मिन्योनेटवरचा प्रश्न नायकापुढे येतच नाही. वर विचारायचे, दोहोंतली अधिक चांगली गोष्ट कोणती? जणू हा आवडीनिवडीचा मामला.

आपद्धर्माची चर्चा आपल्याला नवी नाही. शांतिपर्वात बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरतो. कुत्रा आधीच मेलेला आहे, म्हणजे प्रसंग पुष्कळच सौम्य. तरीही चांडाळ त्याला अडवतो, वाद घालतो, आणि ऋषीला आपण काय खातो आहोत ते नाव घेऊन बोलावे लागते. मार्टेल यांच्या होडीत असा अडवणारा कोणी नाही. चौकशीला आलेले दोघे जपानी अधिकारी शेवटी वाघाची गोष्ट पत्करून मोकळे होतात.

चित्रपटाने येथे अधिक बरे केले, असे मला वाटते. एरवी इतक्या दिमाखदार दृश्यांचा तो चित्रपट, पण दुसरी हकिगत त्यात दाखवलेलीच नाही. इस्पितळातल्या खाटेवरून तो मुलगा ती नुसती सांगतो, आणि बराच वेळ पडद्यावर फक्त त्याचा चेहरा असतो.