नागिणीची अंडी आणि किपलिंगची गोष्ट

रुडयार्ड किपलिंगची ‘रिक्की-टिक्की-टावी’ ही मुंगसाची गोष्ट १८९४ साली ‘द जंगल बुक’मध्ये आली. मुले ती आजही आवडीने वाचतात. गोष्टीत प्राणी बोलतात यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. पण तिचा शेवट नागिणीच्या अंड्यांभोवती फिरतो, म्हणून तेवढा भाग निसर्गाशी ताडून पाहायला हवा.

काही तपशील अचूक आहेत. गोष्टीत अंडी पंचवीस आहेत, आणि नागाची मादी साधारणपणे १० ते ३० अंडी घालते. अंड्यांना कोंबडीच्या अंड्यासारखे टणक कवच नसून पांढुरकी कातडी आहे, हेही बरोबर. नागाची पिल्ले जन्मतःच विषारी असतात हेही खरे.

जागा मात्र पटत नाही. किपलिंग ही अंडी खरबुजांच्या वाफ्यात, जवळजवळ दिवसभर ऊन लागणाऱ्या टोकाला, पाचोळ्यात ठेवतो. अशा मऊ कवचातून पाणी आत-बाहेर जात असते. सतत उन्हात राहिली तर अंडी सुरकुतून वाळतील. गर्भाला ऊब हवी, तसाच ओलावाही हवा. शिवाय तापमानात मोठे चढउतार नकोत. हे सारे जमिनीखाली साधते. म्हणून नागाची मादी एप्रिल ते जुलैच्या सुमारास उंदराचे बीळ किंवा वारूळ गाठते. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. पाचोळ्याचे घरटे रचते ती नागराजाची मादी. ती वेटोळ्यांनी पाने ओढून ढीग करते आणि त्याची राखण करते.

पण याहून मोठा दोष सूडाच्या कल्पनेत आहे. नाग मेल्यावर नागीण लहान मुलावर डूख धरून येते, हे चित्रण आपल्याकडच्या समजुतीला खतपाणी घालते. १९७६ च्या ‘नागिन’ चित्रपटानेही तेच केले. सापाला सूड ठाऊक नाही. तो डिवचला गेला किंवा सापडला की चावतो. या समजुतीपायी एक साप मारल्यावर ‘जोडीदार’ही शोधून मारला जातो. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागाला संरक्षण आहे.

म्हणून गोष्ट वगळू नका. वर्गात वाचा, आणि मुंगूस अंडी फोडते तेथे थांबून विचारा: ही अंडी खरोखर कोठे सापडली असती? उत्तर शोधताना मुलांना बीळ, उंदीर आणि आपले धान्य यांचा संबंध कळेल. बिळात हात का घालू नये, हेही वेगळे सांगावे लागणार नाही.