एर्क्यूलीन बार्बँचें आत्मवृत्त

कांहीं पुस्तकें रचनेच्या गुणांवर टिकतात, तर कांहीं त्यांतील व्यथेच्या खरेपणावर. एर्क्यूलीन बार्बँ हिचें फ्रेंच आत्मवृत्त दुसऱ्या वर्गांतील आहे. मिशेल फूको यांनीं तें १९७८ सालीं संबंधित कागदपत्रांसह प्रसिद्ध केलें. इंग्रजी भाषांतर १९८० सालीं निघालें.

कथा थोडक्यांत अशी. १८३८ सालीं जन्मलेली एर्क्यूलीन मुलगी म्हणून वाढली, मठाच्या शाळेंत शिकली व मुलींच्या निवासी शाळेंत शिक्षिका झाली. तेथें एका सहशिक्षिकेवर तिचें प्रेम जडलें. तिची शरीररचना जन्मतःच सामान्य स्त्रीहून निराळी होती. परंतु त्याचा उलगडा तिला कोणीं केला नव्हता. अखेर तिनें बिशपांपाशीं मन मोकळें केलें. वैद्यकीय तपासणी झाली आणि १८६० सालीं न्यायालयानें तिची नोंद 'पुरुष' अशी बदलली. काम, प्रेम व आप्तांचा सहवास हीं तिन्ही सुटलीं. पॅरिसमध्यें एकाकीपणांत व दारिद्र्यांत दिवस काढून १८६८ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, तिनें आत्महत्या केली.

लेखनांत दोष आहेत. भावविवशता फार, उद्गार पदोपदीं. परंतु पॅरिसच्या प्रकरणांत अलंकार गळून पडतात व उरतें तें उघडें दुःख. फूको यांना तिच्या मठांतील जीवनांत ठराविक ओळखीच्या पलीकडचें सुख दिसतें. जुडिथ बटलर यांनीं १९९० सालीं या मताला हरकत घेतली, व ती आम्हांस रास्त वाटते. मैत्रिणी समुद्रस्नानास उतरल्या असतां एर्क्यूलीन एकटी किनाऱ्यावर राहते. हें सुखाचें चित्र नव्हे. लाज न्यायालयाच्या आधींपासूनच होती. न्यायालयानें ती चव्हाट्यावर आणिली.

भाषेचा प्रश्नही येथें मार्मिक आहे. लेखिका स्वतःस कधीं स्त्रीलिंगी, कधीं पुल्लिंगी विशेषणें लाविते. इंग्रजींत ही घालमेल पुष्कळशी लोपते. मराठी भाषांतरकारास मात्र 'मी गेलें' कीं 'मी गेलों' हें वाक्यागणिक ठरवावें लागेल. आम्हीं स्त्रीलिंग योजिलें, कारण प्रेम व काम तिला त्याच नात्यानें लाभलें होतें.

सोबतचे वैद्यकीय अहवाल वाचून मन विषण्ण होतें. त्यांत अवयवांचें वर्णन काटेकोर आहे. मनाची चौकशी झाली ती केवळ लिंगनिर्णयापुरती. हें दुःख हलकें कसें व्हावें, हा प्रश्नच नाहीं. २००५ सालीं शिकागो येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं मानसिक आधार हा उपचाराचाच भाग मानिला, व रुग्णास तिच्या वयाला पेलेल अशा रीतीनें सत्य सांगावें असें सुचविलें. २०१९ सालीं मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडूनें अशा अर्भकांवरील अनावश्यक शस्त्रक्रियांना बंदी केली.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं एखाद्या मुलीस वयांत येऊनही पाळी आली नसेल, आणि डॉक्टरांचें बोलणें दाराआड चाललें असेल. अशा आईबापांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें. एर्क्यूलीनला जन्मभर तपासणारे भेटले. पाशीं बसून समजावणारें कोणी भेटलें नाहीं. ती उणीव भरून काढणें घरच्या माणसांच्या हातीं आहे.