‘जामखेड’ वाचताना

डॉ. मेबल व डॉ. रजनीकांत आरोळे यांचे ‘जामखेड’ हे इंग्रजी पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात १९७० मध्ये सुरू झालेल्या आरोग्य प्रकल्पाची ही हकीकत. तिचे बळ गावोगावच्या आरोग्यसेविकांत आहे. उरलेले मला त्यापुढे दुय्यम वाटले. अक्षरओळख नसलेल्या बायका जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखर-पाणी पाजायला शिकल्या आणि इतरांना शिकवू लागल्या. शिक्षकांनी हे जरूर वाचावे.

मात्र वाचणारे एक निष्कर्ष घाईने काढतात : स्वच्छता नि आहार सांभाळला, की औषध कशाला? मीठ-साखर-पाणी शरीरातले पाणी भरून काढते. जंतू मारत नाही. साधे जुलाब काही दिवसांत थांबतात, म्हणून तेवढे पुरते. जिआर्डिया हा जंतू मात्र आठवडेच्या आठवडे लहान आतड्याला चिकटून राहू शकतो. त्याचे कवचधारी कोष नेहमीच्या क्लोरीनला सहजी दाद देत नाहीत. पाणी उकळले की मरतात. लसूण खाऊन किंवा साखर सोडून तो जाईल असा भरवसा धरता येत नाही; डॉक्टरांचे औषध लागते. मग साबण कशाला? बरे झालेले मूल धाकट्या भावंडाच्या हातून तेच कोष पुन्हा गिळते, म्हणून.

आहाराचे काम आणखी निराळे. जंतू गेल्यावरही काही दिवस दुधातली साखर पचत नाही, पोट फुगते आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडले नाही. अशा वेळी दूध थोडे दिवस बंद ठेवून पाहावे. भात-वरण, भाकरी चालू ठेवावी. तान्ह्याचे अंगावरचे दूध मात्र तोडू नये.