रमाबाईंची अमेरिका : एका जुन्या ग्रंथाचे पुनर्वाचन

राष्ट्राचे खरे रूप त्याच्या राज्यघटनेत पाहावे की त्याच्या माजघरात, हा वाद पंडितांत चालत राहील. पंडिता रमाबाईंना मात्र त्याविषयी फारसा संदेह नसावा. १८८९ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून त्यांचे ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक बाहेर पडले. शीर्षकात ‘लोकस्थिति’ आधी आणि ‘प्रवासवृत्त’ मागून आले आहे. हा क्रम केवळ शोभेचा नाही. आपण कोठे गेलो, कोणती स्थळे पाहिली हे सांगण्याची हौस या बाईंना थोडीच आहे. तेथील लोक कसे राहतात, काय खातात, मुलांस कोण शिकविते, गावच्या कामासाठी वर्गणी कोण गोळा करते आणि एवढे सगळे करीत असता ते स्वतःला काय समजतात, याचा शोध त्यांना घ्यावयाचा आहे.

आपल्या वाचकवर्गात या ग्रंथाची वाट एका कारणाने अडली, ते उघड सांगितलेले बरे. १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर ज्या घरांत पोथी सोवळ्याने उघडली जाते त्या घरांत त्यांचे पुस्तक सहसा उघडले गेले नाही. मात्र या पुस्तकातील लेखणी ज्या शाळेत घडली ती शाळा आपलीच आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या. तीर्थाहून तीर्थास जावे, देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, अशा कुटुंबात तिचे बालपण गेले. भागवत तिला मुखोद्गत होते. आमच्या उज्जयिनीत शिप्रेच्या घाटावर ज्याने पुराण ऐकले आहे, त्याला या ग्रंथाची मांडणी परकी वाटणार नाही. पुराणिक काय करतो? श्रोत्याने जे द्वीप कधी पाहिले नाही त्याचे पर्वत, नद्या, राजे, आचार क्रमाने सांगतो. मध्येच थांबून श्रोत्याच्या घरातला एखादा दाखला देतो, आणि पुन्हा मूळ सूत्राकडे वळतो. रमाबाई हेच करतात. प्रथम समुद्रप्रवास, मग नव्या दुनियेचा शोध, मग राज्यपद्धती, आणि त्यानंतर गृहस्थिती, विद्या, धर्म व दानधर्म, स्त्रिया, व्यापार. द्वीपवर्णनाची ही जुनी रीत त्यांनी एका अर्वाचीन प्रजासत्ताकास लावली. माझ्या मते ग्रंथाचे पहिले यश येथेच आहे.

मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियास पोहोचल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. थोड्या महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या बाई १८८८ च्या अखेरीपर्यंत तेथे राहिल्या. त्या वेळी संघराज्यात ३८ राज्ये होती, आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन वीस-एकवीस वर्षेच झाली होती. राजा नसलेला देश चालतो कसा, हे परतंत्र देशातील वाचकांस सांगावयाचे असल्यामुळे राज्यपद्धतीच्या प्रकरणात त्यांची वाणी किंचित चढते. तेथे मला त्या कमी पटतात. ते प्रकरण माहितीपूर्ण आहे. पण अमेरिकन माणूस आपल्याविषयी जे सांगतो तेच बरेचसे त्यात उतरले आहे. गृहस्थितीच्या प्रकरणात त्या स्वतः पाहतात. ऋतुमान, घरे, भोजन, पोषाख, पाहुण्यांचा शिष्टाचार यांकडे पाहताना त्यांची नजर गृहिणीची आणि निर्णय शास्त्र्याचा असतो. पाखरांची पिसे टोपीवर मिरविणाऱ्या आणि कंबर आवळून प्रकृती बिघडविणाऱ्या स्त्रियांची त्या गय करीत नाहीत. परदेशाने दिपलेल्या लेखकाला असली टीका सुचत नसते. रमाबाई स्वतः तेथे शाकाहारी राहिल्या आणि लुगडे त्यांनी टाकले नाही, हेही येथे ध्यानी घ्यावे.

अमेरिकन माणूस ‘आम्ही अमेरिकन’ म्हणतो, तो कशाच्या आधारावर, हा या पुस्तकाच्या गाभ्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर वहीत असते. महाकाळाचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर या सारस्वत गृहस्थांनी उभारले. तेव्हापासून मराठी आणि कोंकणी घरे पिढ्यानपिढ्या माळव्यात आहेत. त्यांची मुले हिंदीत भांडतात आणि मराठीत आरती म्हणतात. तरी तीर्थोपाध्याय त्यांस प्रथम मूळ गाव, कुळ आणि गोत्र हेच विचारतो व जुन्या वहीत आजोबांची सही काढून दाखवितो. आपण कोण, हे आपल्या जन्माआधीच लिहिले गेलेले असते. अमेरिकेतील सामान्य माणसाजवळ अशी वही नाही, किंवा असलीच तर ती युरोपातल्या एखाद्या गावी राहून गेली आहे. तो आपली ओळख रोजच्या कृतीतून सिद्ध करतो : मुलाला सरकारी शाळेत पाठवून, सभेत हात वर करून, मद्यपानबंदीच्या मंडळाची वर्गणी भरून. १८७४ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघाचे काम रमाबाईंना इतके भावले ते यामुळेच. गृहिणींनी स्वयंपाकघराच्या दारातून राष्ट्रात प्रवेश केला, असे दृश्य त्यांना तेथे दिसले. त्या वेळी या स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा अधिकार नव्हता. तो सर्व देशभर मिळावयास १९२० साल उजाडले. न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ च्या ऑक्टोबरात उभा राहिला तेव्हा मताधिकारवादी स्त्रियांनी नावेतून जाऊन निषेध केला, कारण मूर्ती स्त्रीची होती आणि स्वातंत्र्य पुरुषांचे.

आता दोष. रमाबाईंचे ‘लोक’ कोण? फिलाडेल्फिया, बॉस्टन, शिकागो येथील सुधारक, प्रॉटेस्टंट, सुशिक्षित घरांतील स्त्रिया, ज्यांनी त्यांस घरी उतरविले, सभा भरविल्या, आणि ज्यांच्यातून १८८७ साली बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभे राहिले. यजमानीण चांगली असली की घर चांगले दिसते. मूळ रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर झालेला अन्याय बाईंनी झाकलेला नाही, हे त्यांच्या सचोटीचे द्योतक आहे. पण गिरणीतला आयरिश मजूर, कपडे धुणारी काळी बाई, पश्चिमेकडील शेतकरी हे ग्रंथात चर्चेचे विषय म्हणून येतात; ते स्वतः बोलत नाहीत. आपण अमेरिकन आहोत काय, असे त्यांना कोणी विचारलेले दिसत नाही. १८८२ साली चिनी मजुरांना देशाचे दार बंद करणारा कायदा झाला होता. वहीवाचून राष्ट्र बनविणाऱ्या लोकांनीही एक वही ठेवली होती, आणि तिच्यात वर्ण लिहिला जात होता.

तुलनेचा तराजूही एका बाजूला कलतो. तेथील उत्तम घर आणि येथील दुःखी घर शेजारी ठेवले की निकाल आधीच लागतो. मात्र हा दोष हाती धरून जो वाचक स्त्रीशिक्षणाविषयीची त्यांची तक्रार टाळू पाहील, त्याच्या बाजूने मी उभा राहणार नाही. दुष्काळात आईबाप गमावलेल्या आणि पंचविशीच्या आत विधवा झालेल्या बाईने ते दुःखी घर कल्पनेने रचलेले नव्हते.

आनंदीबाईंकडे पाहिले म्हणजे चित्राची दुसरी बाजू दिसते. न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर या कोणी पुढारी नव्हत्या. एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोशांचे पत्र त्यांनी वाचले, पत्रव्यवहार सुरू झाला, आणि १८८३ साली अठरा वर्षांची आनंदी त्यांच्या घरी उतरली. हिंदू म्हणून गेली, हिंदू म्हणून परतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारली. पुढे तिची रक्षा अमेरिकेस गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत तिच्या नावाचा दगड उभा राहिला. एका सामान्य अमेरिकन घराने परधर्मीय मुलीला आपल्या कुळाच्या जागेत घेतले. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली, हिंदी मनुष्य ‘गोरा’ नसल्याने नागरिक होऊ शकत नाही, असा निवाडा दिला; ती बंदी १९४६ साली उठली, आणि आपली माणसे मोठ्या संख्येने तिकडे गेली ती १९६५ च्या कायद्यानंतर. घर आणि राज्य यांतील हे अंतर रमाबाईंच्या ग्रंथात पुरेसे उमटत नाही. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या आनंदीबाईंच्या चरित्रासह हा ग्रंथ वाचला तर ती उणीव काहीशी भरून निघते. दोन्ही पुस्तके एकाच वर्षी, १८८९ साली, निघाली आहेत.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९६ साली या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली, आणि २००३ साली मीरा कोसंबी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. प्रथमच वाचणाऱ्याने गृहस्थितीच्या प्रकरणापासून आरंभ करावा, नंतर स्त्रियांच्या स्थितीकडे जावे, आणि राज्यपद्धती शेवटी ठेवावी. व्यापारावरील प्रकरण वगळले तरी चालेल. त्यातील आकडे आता जुने झाले आहेत.